मागं किती?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी चार वर्षं खेळलो. मला फॉरवर्ड व्हायचं होतं. दोन हंगाम मी गोलपोस्टच्या आसपास सगळीकडं चेंडू मारला, पोस्टच्या आत सोडून. मग सरांनी एक दिवस मला मागं ओढलं आणि सांगितलं, तू हाफ खेळ. त्या काळी मिडफिल्डर वगैरे शब्द कोल्हापूरच्या पेठेत आले नव्हते. फॉरवर्ड, हाफ, बॅक आणि गोलकीपर, एवढ्यात सगळं मैदान बसायचं.

हाफला शिकवण्याची सरांची एक रीत होती. ते मैदानाच्या कडेला थांबायचे नाहीत, पोराच्या पाठीमागं येऊन उभे राहायचे. चेंडू आपल्याकडं यायला निघाला की मागून आवाज यायचा, "मागं किती?" आपल्या पाठीमागं समोरच्या संघाचे किती गडी आहेत, हे चेंडू पायाला लागायच्या आत सांगायचं. आपण म्हणायचं, "दोन." असले तीन, तर सर काही बोलायचे नाहीत. तिसरा येऊन आपल्याला आडवा करायचा, तीच शिक्षा. मातीच्या मैदानावर ती पुरेशी असायची.

सत्कार समारंभात आपल्याकडं एक वाक्य हमखास येतं. "त्यानंतर त्यांनी कधी मागे वळून पाहिले नाही." माझ्याही सत्कारात एकदा कुणीतरी ते म्हणालं आणि मला सर आठवले. हाफला उद्देशून हे वाक्य म्हटलं तर ती शिवीच होईल. मागं वळून पाहत नाही तो हाफ कसला? तेव्हा आज एका अशा माणसाबद्दल बोलणार आहे, ज्याची अख्खी कारकीर्द मागं वळून पाहण्यावर उभी राहिली. लुका मॉड्रिच.

आता तुम्ही म्हणाल, कुठं क्रोएशिया आणि कुठं कोल्हापूर. वर्ल्डकपला आपल्या गल्ल्या ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटल्या जातात, मेस्सीचे कटआउट रोनाल्डोच्या कटआउटपेक्षा दोन फूट उंच हवेत म्हणून रात्र रात्र जागरण होतं. क्रोएशियाची गल्ली मी अजून पाहिली नाही. पण एक आकडा सांगतो. २०११ च्या जनगणनेत आपला कोल्हापूर जिल्हा ३८ लाख ७६ हजारांचा होता. २०२१ च्या जनगणनेत क्रोएशिया हा अख्खा देश ३८ लाख ७२ हजारांचा निघाला. म्हणजे करवीर, कागल, शिरोळ, गडहिंग्लज अशा आपल्या बारा तालुक्यांतून एक संघ निवडायचा आणि तो २०१८ मध्ये वर्ल्डकपच्या अंतिम सामन्यात, २०२२ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर. १९९८ मध्येही त्यांनी तिसरा क्रमांक घेतला होता. त्या संघातले बचावपटू इगोर स्टिमॅक २०१९ ते २०२४ आपल्या भारतीय संघाचे प्रशिक्षक होते, आणि त्याआधी क्रोएशियाचे प्रशिक्षक असताना हाच मॉड्रिच त्यांच्या हाताखाली खेळला. नातं दूरचं असेल, पण अगदीच नाही असं नाही.

हाफ नेमकं करतो काय, हा प्रश्न मला पहिल्यांदा घरात विचारला गेला. वडील फुटबॉल बघायला येत नसत. घरी आलो की विचारायचे, "किती गोल घातलेस?"

"एकही नाही."

"मग दीड तास करत काय होतास?"

या प्रश्नाचं उत्तर मी गेली चाळीस वर्षं जुळवतोय. गेइर योर्डेट नावाच्या नॉर्वेच्या संशोधकानं मला थोडी मदत केली. त्यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या मधल्या फळीच्या खेळाडूंच्या चित्रफिती घेतल्या आणि चेंडू पायाशी येण्याआधीच्या काही सेकंदांत कोण किती वेळा मान वळवून पाहतो, हे मोजलं. जो जास्त वेळा पाहतो, त्याचे पुढच्या दिशेनं दिलेले पास जास्त वेळा बरोबर पोचतात, असं निघालं. आमच्या सरांकडं ना कॅमेरा होता ना विद्यापीठ. पण निष्कर्ष तोच, आणि तो त्यांनी दोन शब्दांत बसवला होता.

चेंडू जवळ असताना कुणीही पाहतो. चेंडू जवळ नसताना पाहायला कष्ट पडतात, कारण तेव्हा टाळ्या दुसऱ्यासाठी वाजत असतात.

मॉड्रिचचा जन्म ९ सप्टेंबर १९८५ चा, एड्रियाटिक समुद्राकाठच्या झादर शहरातला. तेव्हा तो युगोस्लाव्हिया होता. वाढला तो वेलेबिट डोंगराच्या पायथ्याच्या एका वस्तीवर, बराचसा आजोबांजवळ. आजोबांचं नावही लुकाच. ते रस्त्याच्या देखभालीचं काम करायचे. त्या डोंगरातल्या लांडग्यांवर केलेल्या एका माहितीपटाच्या चित्रीकरणात पाच वर्षांचा एक मुलगा दिसतो. अंगात जाडजूड जाकीट, आजूबाजूला खडक, आणि तो आपल्याहून फार लहान नसलेल्या शेळ्या हाकतोय. तोच हा मुलगा. ती फीत जगभर फिरली ती तो मोठा झाल्यावर. मला ती पाहताना परदेश वाटलाच नाही. माळावर शेळ्यांमागं जाणारी अशी पोरं आपल्याकडं पावलोपावली आहेत, आणि जनावरं राखणाऱ्याला मागं किती हे बिनशिकवता कळतं. एक कमी भरली तर घरी गेल्यावर कळतंच.

डिसेंबर १९९१ मध्ये, युगोस्लाव्हिया फुटत असताना, सर्ब बंडखोरांनी आजोबांना घराजवळच गोळ्या घातल्या. लुका सहा वर्षांचा होता. घर जाळलं गेलं. कुटुंब झादरला पळालं आणि निर्वासितांसाठी उघडलेल्या हॉटेलांत राहिलं. आधी कोलोवारे, नंतर इझ. हॉटेल म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं ते नव्हे. एका खोलीत अख्खं बिऱ्हाड, बाहेर तोफगोळे, वडील सैन्यात. हॉटेलच्या गाड्या लावायच्या जागेत हा पोरगा चेंडू खेळायचा. तोफगोळे पडू लागले की पोरं तळघराकडं पळायची, थांबले की परत बाहेर. या भागावर मी जास्त बोलणार नाही. त्यानं स्वतःही याचं भांडवल फारसं केलेलं नाही, आणि दुःखाच्या मापानं खेळाडू मोजण्याची आपली सवय मला आवडत नाही. त्या हॉटेलात राहिलेली बाकीची पोरंही तेवढंच भोगत होती, आणि त्यातली बहुतेक फुटबॉलपटू झाली नाहीत.

झादरच्या क्लबात तोमिस्लाव बाशिच नावाचे एक वस्ताद होते. वस्ताद हाच शब्द बरोबर, कारण आपल्या तालमीतला वस्ताद जसा पोराच्या खुराकापासून लग्नापर्यंत लक्ष घालतो तसे ते होते. त्या मुलखात ज्या क्लबचं नाव घेतल्यावर पोरं हरखतात, त्या स्प्लिटच्या हायदुकनं लुकाला पाहिलं आणि परत पाठवलं. फार लहान आहे, फार किरकोळ आहे, टिकणार नाही. पूर्ण वाढल्यावरही त्याची उंची १७२ सेंटिमीटर भरली, तेव्हा निवडकर्त्यांच्या फूटपट्टीत चूक नव्हती. चूक ती कशाला लावायची यात होती. पोरगं खचलं. बाशिचनी त्याला धरून ठेवलं आणि पुढं झाग्रेबच्या दिनामोकडं नेलं.

दिनामोनं त्याला अठराव्या वर्षी बोस्नियातल्या झ्रिन्स्की मोस्टार क्लबकडं उसना पाठवला. त्या लीगची ख्याती अशी की तिथं टॅकल आधी आणि चेंडू नंतर येतो. किरकोळ पोराला तिथं पाठवणं म्हणजे पोहायला येत नाही त्याला पंचगंगेच्या पुरात ढकलणं. हंगाम संपला तेव्हा तो त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. माझा अंदाज असा की मान वळवायची सवय तिथंच हाडात गेली असणार. ज्याला धक्का सोसत नाही त्यानं धक्का कुठून येतोय हे आधी पाहावं, याला दुसरा इलाज नाही. पुढं इंटर झाप्रेशिच, मग दिनामोकडून लागोपाठ तीन लीग विजेतेपदं, आणि २००८ मध्ये लंडनचं टॉटनहॅम. तिथंही सुरुवातीला तेच, हा वाऱ्यानं उडून जाईल. चार वर्षांत तो संघ त्याच्याभोवती उभा राहिला आणि पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीग खेळून उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला.

ऑगस्ट २०१२ मध्ये तो रियाल माद्रिदला गेला. त्याच वर्षाच्या शेवटी 'मार्का' या स्पेनमधल्या क्रीडादैनिकाच्या वाचकांनी त्याला हंगामातली सर्वांत वाईट खरेदी ठरवलं. वाचकांना दोष देता येत नाही. ते माझ्या वडिलांसारखेच विचारत होते, किती गोल घातले?

मार्च २०१३ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर रियाल मागं पडलं असताना तो बदली खेळाडू म्हणून आला आणि लांबून पोस्टला लागून आत जाणारा गोल केला. तेव्हा लोक जरा सावरून बसले. पण मला त्याचं काम दिसतं ते पुढच्या वर्षी लिस्बनमध्ये. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, समोर माद्रिदमधलाच अ‍ॅटलेटिको. नव्वद मिनिटं संपलेली, रियाल एका गोलनं मागं, भरपाई वेळेतलं तिसरं मिनिट भरत आलेलं, आणि कॉर्नर. सगळ्यांना आठवतं ते सर्जिओ रामोसचं बरोबरी साधणारं हेडर. तो कॉर्नर कुणी घेतला, हे आपल्या पेठेत मी दहा जणांना विचारलं. दोघांना सांगता आलं. त्या क्षणी कॉर्नर घाईत मारला जातो, पहिल्याच बचावपटूच्या डोक्याला लागतो, आपण शाहू स्टेडियमवर हे शेकड्यानं पाहिलंय. मॉड्रिचनं मारलेला चेंडू मात्र रामोस धावत येऊन जिथं उडी मारणार होता तिथंच पोचला.

आता एक पास जवळून पाहू. १२ एप्रिल २०२२, माद्रिद, उपांत्यपूर्व फेरीचा दुसरा सामना. लंडनमध्ये रियाल ३-१ नं जिंकून आलेलं, आणि इथं घरच्या मैदानावर चेल्सीनं तीन गोल मारून हिशेब उलटा केलेला. ऐंशीवं मिनिट. दोनच मिनिटांपूर्वी रॉड्रिगो नावाचा तरुण ब्राझिलियन बदली म्हणून आत आलाय. मॉड्रिच मैदानाच्या डाव्या अंगाला आहे, चेंडू उजव्या पायाशी. आपल्यापैकी कुणीही उजव्या पायाच्या आतल्या बाजूनं मारला असता. तसा मारला की चेंडू हवेत वळून गोलकीपरकडं जातो. शिवाय आतल्या बाजूनं मारायचं तर कंबर उघडावी लागते, आणि कंबर उघडली की बचावपटूला चेंडू कुठं जाणार ते कळतं. त्यानं बुटाच्या बाहेरच्या कडेनं मारला, करंगळीच्या बाजूनं. शरीर जसं होतं तसंच राहिलं. चेंडू बचावफळीच्या डोक्यावरून गेला, गोलकीपरपासून लांब वळत गेला आणि उजवीकडून धावत येणाऱ्या रॉड्रिगोच्या पायापुढं उतरला. त्यानं तो जमिनीला टेकूही न देता गोलात मारला.

पास दिला तेव्हा रॉड्रिगो अजून धावतच होता. म्हणजे मॉड्रिचनं चेंडू माणसाला दिला नव्हता, माणूस जिथं असेल त्या जागेला दिला होता. आणि ती जागा कुठली, हे बघून ठेवायचं काम चेंडू पायाशी येण्याआधीच झालेलं असतं. तो सामना रियाल २-३ हरलं, पण एकूण ५-४ नं पुढं गेलं आणि नंतर करंडकही घेतला. छत्तीस वर्षांच्या माणसाचा हा पास. माझा नातू बुटाच्या बाहेरच्या कडेनं मारायचा सराव करतो. दोन कुंड्या आणि शेजाऱ्यांचा एक ट्यूबलाइट एवढी प्रगती आहे.

पदकं आणि करंडक झटपट सांगून टाकतो. रियालकडून तेरा हंगाम, ५९७ सामने, २८ करंडक, त्यांतले सहा चॅम्पियन्स लीगचे. इतके करंडक त्या क्लबच्या इतिहासात कुणाच्याच नावावर नव्हते. आणि वडिलांसाठी: ४३ गोल.

२०१८ च्या वर्ल्डकपमध्ये डेन्मार्कविरुद्धचा सामना बाद फेरीतला. एकशे सोळाव्या मिनिटाला मॉड्रिचनं बचावफळी चिरत एक पास दिला, त्याचा साथीदार रेबिच गोलकीपरला चुकवून पुढं गेला, त्याला पाडलं, पेनल्टी. ती घ्यायला तोच आला आणि डेन्मार्कच्या कॅस्पर श्मायकेलनं ती अडवली. दहा वर्षांपूर्वी युरो स्पर्धेत तुर्कस्तानविरुद्ध टायब्रेकरमध्ये त्याची पेनल्टी हुकली होती आणि संघ बाहेर पडला होता. आता काही मिनिटांत पुन्हा टायब्रेकर. त्यानं पुन्हा चेंडू हातात घेतला. आपल्याकडं पेनल्टी हुकलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा चेंडूकडं बघतही नाही, आणि बघितलंच तर गॅलरी त्याला बघू देत नाही. त्यानं मारली, गेली. त्याच्याच झादर गावच्या गोलकीपर सुबाशिचनं तीन अडवल्या आणि क्रोएशिया पुढं गेलं. पुढचे दोन सामनेही जादा वेळेत गेले. अंतिम सामन्यात ते फ्रान्सकडून ४-२ हरले ते त्यांच्यापेक्षा नव्वद मिनिटं, म्हणजे पूर्ण एक सामना, जास्त खेळून. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू मॉड्रिच ठरला. त्या वर्षअखेरीस बॅलन डी'ओरही त्यालाच मिळाला. २००८ पासून दहा वर्षं तो पुरस्कार मेस्सी आणि रोनाल्डो यांनी पाच-पाच असा वाटून घेतला होता. माझ्या मते २०१० मध्येच तो झावी किंवा इनिएस्टा या स्पेनच्या हाफांपैकी कुणाकडं तरी जायला हवा होता, पण ते भांडण आपण चहाच्या वेळी करू.

इथं थांबलो असतो तर व्याख्यान गोड झालं असतं. पण मागं वळून पाहायचंच तर सगळं पाहावं लागतं.

टॉटनहॅमनं दिनामोला जे पैसे दिले, त्यातला वाटा करारातल्या एका पुरवणीनुसार मॉड्रिचला मिळाला आणि त्यातला मोठा भाग दिनामोचे कर्तेधर्ते झ्द्राव्को मामिच यांच्या कुटुंबाकडं गेला. ती पुरवणी कधी सही झाली, यावर खटल्याचा बराच भार होता. जून २०१७ मध्ये ओसिएकच्या न्यायालयात मॉड्रिचची साक्ष झाली. आधी तपासात दिलेल्या जबाबाशी ती जुळली नाही, आणि बऱ्याच प्रश्नांना उत्तर आलं, आठवत नाही. ज्या हॉटेलात तो निर्वासित म्हणून राहिला होता, त्या हॉटेल इझच्या भिंतीवर कुणीतरी लिहून ठेवलं की लुका, हे तुला एक दिवस आठवेल. मार्च २०१८ मध्ये खोट्या साक्षीचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला. मामिच यांना जूनमध्ये साडेसहा वर्षांची शिक्षा झाली, तोवर ते बोस्नियात निघून गेले होते. मॉड्रिचवरचा आरोप न्यायालयानं त्याच वर्षी फेटाळला. कायद्याच्या दृष्टीनं विषय संपला. रशियात तो २०१८ चा वर्ल्डकप खेळला तेव्हा विषय संपलेला नव्हता, एवढं लक्षात ठेवा.

मी त्याचा न्याय करायला उभा नाही. कोवळ्या वयात ज्यांच्या हातात पासपोर्ट, करार आणि घरच्यांचं पोट असतं, त्यांच्यापुढं पोरं कशी बोलतात, हे मी आपल्याकडंही पाहिलंय. तरीही पाठीमागचे तीन गडी मान वळवून मोजणाऱ्या माणसाच्या तोंडून 'आठवत नाही' ऐकताना मला कसंतरी झालं. आवडत्या खेळाडूबद्दल असं कसंतरी होणं सहन करता आलं पाहिजे. क्रोएशियातल्या कित्येकांना ते अजून सहन करावं लागतंय. अंतिम सामन्यानंतर झाग्रेबच्या रस्त्यांवर त्याच्यासाठी लोटलेल्या गर्दीत तेही असतीलच.

आता शेवटचं. २४ जून २०२४, लाइपझिग, युरो स्पर्धा, समोर इटली. मॉड्रिचची पेनल्टी गोलकीपर डोन्नारुम्मानं अडवली. पुन्हा तेच. मिनिटभरात चेंडू इटलीच्या गोलपुढं मोकळा झाला आणि तिथं, अडतीस वर्षांचा, तोच उभा होता. गोल. युरोच्या इतिहासात इतक्या वयाच्या कुणी गोल केला नव्हता. मग भरपाई वेळेच्या आठव्या मिनिटाला इटलीनं बरोबरी साधली आणि क्रोएशियाची वाट बंद झाली. सामनावीराचा चषक हातात देऊन त्याचा फोटो काढला. चषक हातात असताना इतका पडलेला चेहरा मी दुसरा पाहिला नाही. नंतर पत्रकार परिषदेत एका इटालियन पत्रकारानंच त्याला विनवलं की निवृत्त होऊ नका. तो म्हणाला की कायम खेळायला आवडेल, पण कधीतरी बूट टांगावे लागतील.

ते त्यानं लगेच टांगले नाहीत. २०२५ च्या उन्हाळ्यात माद्रिद सोडून तो इटलीतल्याच एसी मिलानला गेला. चाळिसावा वाढदिवस होऊन पाच दिवस झाले होते, समोर बोलोन्या, सामना १-०, आणि तो एक गोल त्याचा.

सकाळी पेपरात ती बातमी चौकटीत आली होती. वडील असते तर चष्मा कपाळावर सारून म्हणाले असते, "बघ, चाळिशीत का होईना, घातला की नाही त्यानं?"